नावाचा मालक आणि नावाचा विश्वस्त

ओपन सोर्स सॉफ्टवेअरचे परवाने वाचताना त्यांचे औदार्य डोळ्यांत भरते. कोड चालवा, उघडून बघा, हवा तसा बदला, बदललेला विका नाहीतर फुकट वाटा; कोणाला विचारायची गरज नाही. पण या दानपत्रात एक गोष्ट बहुतेक वेळा राखून ठेवलेली असते, ती म्हणजे नाव. अपाचे परवान्याच्या २.० आवृत्तीचे सहावे कलम सरळ बजावते की, या परवान्याने ट्रेडमार्कवरचा हक्क मिळत नाही. मुक्ततेच्या बाबतीत कमालीचा कर्मठ समजला जाणारा, लिनक्सचा संच वाटणारा डेबियन प्रकल्पही आपल्या मार्गदर्शक तत्त्वांत मान्य करतो की, बदललेल्या प्रतीला वेगळे नाव द्या अशी अट मूळ लेखकाने घातली तर ती चालेल. वर्षानुवर्षांचे श्रम ज्यांनी जगाला देऊन टाकले, तेच लोक एका नावासाठी वकिलाची पायरी चढतात, हा दांभिकपणा नव्हे काय? मला तसे वाटत नाही. कोड दिल्याने देणाऱ्याकडचा कोड कमी होत नाही. नाव मात्र दोघांनी वेगवेगळ्या वस्तूंना लावले की दोघांचेही निकामी होते. म्हणून नाव राखण्यात विसंगती नाही. विसंगती तेव्हा सुरू होते, जेव्हा नाव राखणारा स्वतःला त्याचा मालक समजू लागतो.

फायरफॉक्स ब्राउझरची गोष्ट या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. २००२ साली तो आला तेव्हा त्याचे नाव फीनिक्स होते. फीनिक्स टेक्नॉलॉजीज या कंपनीच्या ट्रेडमार्कमुळे ते सोडावे लागले आणि एप्रिल २००३ मध्ये ब्राउझर फायरबर्ड झाला. पण फायरबर्ड नावाचा एक डेटाबेस आधीच नांदत होता. बोरलँड कंपनीने २००० साली इंटरबेसचा कोड खुला केला, त्यातून तो निघालेला. त्या प्रकल्पाने कडक हरकत घेतली आणि फेब्रुवारी २००४ मध्ये ब्राउझरने तिसरे नाव घेतले. ब्राउझर आणि डेटाबेस यांत गल्लत कोण करणार, असे वरवर वाटते. पण ज्या प्रकल्पाकडे जाहिरातीला पैसा नाही, विक्रेते नाहीत, दुकान नाही, त्याला लोक शोधतात ते नावाने आणि मदत मागतात तीही नावाने. मोठ्या शेजाऱ्याने तेच नाव घेतले, तर लहानाच्या हाकेला उत्तर मिळणे बंद होते. इथे दोन्ही बाजूंना कोड फुकट वाटणारेच लोक होते. नफ्याची स्पर्धा नव्हती, तरी इजा खरी होती.

मग नावावर हक्क कोणाचा? तत्त्वज्ञांनी नावाचा विचार पुष्कळ केला आहे, पण तो मुख्यतः नाव वस्तूला चिकटते कसे, याचा. मीमांसकांच्या मते शब्द आणि अर्थ यांचा संबंध नित्य आहे, तो कोणी माणसाने ठरवलेला नाही. नैयायिकांच्या मते तो संकेताने ठरतो. विसाव्या शतकात सॉल क्रिप्के यांनी १९७० च्या प्रिन्स्टनमधील व्याख्यानांत असे मांडले की, विशेषनामाचे आधी एक बारसे होते आणि तिथून ते बोलणाऱ्यांच्या साखळीतून पुढे जाते. आपण उच्चारलेले नाव साखळीच्या त्या पहिल्या टोकाशी आपल्याला जोडते. सॉफ्टवेअरच्या भांडणात ही उपपत्ती नेमकी अवघड जागी थांबते. एका प्रकल्पाचा फोर्क होतो, म्हणजे त्याच कोडमधून दोन शाखा निघतात, तेव्हा दोन्ही शाखांची साखळी त्याच बारशापर्यंत अखंड पोचलेली असते. वंशावळ पाहून वारस ठरवता येत नाही. शिवाय वापरणारा जेव्हा नाव बघून सॉफ्टवेअर उतरवून घेतो, तेव्हा त्याचा प्रश्न वंशाचा नसतोच. लाखो ओळींचा कोड त्याने वाचलेला नसतो, वाचणारही नसतो. त्याला एवढेच कळायला हवे असते की, या वस्तूबद्दल ग्वाही कोण देतो आहे. न्यायदर्शनाने शब्दाला प्रमाण मानले ते याच अर्थाने: शब्द प्रमाण होतो तो बोलणारा आप्त असेल तर. आणि वात्स्यायनाने भाष्यात स्पष्ट केले आहे की, वस्तू प्रत्यक्ष जाणणारा आणि ती जशी आहे तशी सांगू इच्छिणारा तो आप्त. हे लक्षण ऋषीला, आर्याला आणि म्लेच्छाला सारखेच लागू आहे. आप्तपण जन्माने मिळत नाही, ते वागण्यात असते. सॉफ्टवेअरचे नाव ही अशीच एक ग्वाही आहे.

हे मान्य केले की काही जुन्या भांडणांचा अर्थ बदलतो. २००६ मध्ये फायरफॉक्स बनवणारी मोझिला आणि डेबियन यांच्यात वाद झाला. फायरफॉक्सच्या बोधचिन्हाचा परवाना मुक्त नाही म्हणून डेबियन ते वापरत नव्हता, आणि जुन्या आवृत्तीला सुरक्षेचे पॅच आपल्या पद्धतीने लावत होता. मोझिलाचे म्हणणे, नाव हवे तर बोधचिन्हही घ्या आणि बदल आम्हाला दाखवून मंजूर करून घ्या. डेबियनने नाव सोडले आणि तोच ब्राउझर आइसवीझल या नावाने दिला. कोड जवळपास तोच आणि नावे दोन, म्हणून अनेकांनी याची थट्टा केली. माझ्या मते हा दोन्ही बाजूंचा प्रामाणिकपणा होता. मोझिलाने न तपासलेल्या बदलांची ग्वाही मोझिलाच्या नावाने देणे खोटे ठरले असते, आणि आपल्या बदलांसाठी दुसऱ्याची मंजुरी घेत बसणे डेबियनच्या तत्त्वात बसत नव्हते. पुढे मतभेद मिटले आणि २०१६ मध्ये डेबियनमध्ये फायरफॉक्स हे नाव परतले. भांडण संपायला कोर्टाची गरज पडली नाही.

उलट उदाहरण हडसनचे. कोहसुके कावागुची यांनी सन मायक्रोसिस्टिम्समध्ये असताना प्रोग्रामरांसाठीचे हे सॉफ्टवेअर सुरू केले. २०१० च्या जानेवारीत ऑरॅकलने सन विकत घेतली, आणि प्रकल्प कुठे ठेवायचा यावरून वाद झाल्यावर नावावर हक्क सांगितला. जानेवारी २०११ मध्ये काम करणाऱ्यांनी मतदान केले. २१४ विरुद्ध १४ मतांनी नवे नाव ठरले, जेनकिन्स. कागद ऑरॅकलकडे राहिला, माणसे आणि भरवसा जेनकिन्सकडे गेला. हडसन काही वर्षांत बंद पडला. यावरून कोणी म्हणेल की, मग चिंता कशाची? नाव गेले तर नवे घ्यावे, लोक मागोमाग येतात. पण हे खरे ठरते ते वापरणारे स्वतः प्रोग्रामर असले तरच. सप्टेंबर २०१० मध्ये, सनबरोबरच ऑरॅकलकडे गेलेल्या ओपनऑफिसचे अनेक कार्यकर्ते बाहेर पडले आणि त्यांनी द डॉक्युमेंट फाउंडेशन स्थापन केले. ऑरॅकल जुने नाव देईल या आशेने लिबरऑफिस हे नाव आधी तात्पुरतेच घेतले होते. ऑरॅकलने ते दिले नाही. २०११ मध्ये अपाचे फाउंडेशनला दिले. ओपनऑफिसची शेवटची मोठी आवृत्ती, ४.१, २०१४ साली निघाली. तरीही ऑक्टोबर २०२० मध्ये, ओपनऑफिसला वीस वर्षे झाली तेव्हा, डॉक्युमेंट फाउंडेशनला ओपनऑफिसच्या चालकांना उद्देशून जाहीर पत्र लिहून विनंती करावी लागली की, तुमच्या वापरकर्त्यांना लिबरऑफिसबद्दल सांगा. कारकून, शिक्षक, विद्यार्थी जुन्याच नावाने शोधत राहतात आणि थांबलेली वस्तू घरी आणतात. ग्वाही देणारे निघून गेले तरी नाव ग्वाही देतच राहते, हा त्यातला धोका.

यावर एक मूलगामी आक्षेप आहे. मडके हवे असेल तर माणूस कुंभाराकडे जातो, शब्द हवा म्हणून वैयाकरणाच्या घरी कोणी जात नाही, असे पतंजलीने महाभाष्यात म्हटले आहे. शब्द वापरणाऱ्यांचे असतात; मग नावाला राखणदार हवाच कशाला? नामदेवांच्या गाथेत पुढच्या काळातल्या विष्णुदास नामाची रचना मिसळली आहे, हे अभ्यासकांनी दाखवले. त्याने गाणाऱ्याचे काय अडले? काही अडले नाही, कारण अभंगाचे बरेवाईट गाताना समोर असते. सॉफ्टवेअरमध्ये भरवसा आधी टाकावा लागतो आणि घात झालाच तर नंतर कळतो. शिवाय राखणदार नसला तर जागा रिकामी राहत नाही. लिनक्सच्या बाबतीत हेच घडले. लिनक्सशी काही संबंध नसलेल्या एका गृहस्थाने नव्वदच्या दशकात अमेरिकेत त्या नावाचा ट्रेडमार्क नोंदवला आणि कंपन्यांकडे विक्रीतला वाटा मागितला. लोकांनी नोंदणीला आव्हान दिले, आणि १९९७ मध्ये तडजोडीने ते नाव लिनक्सचे कर्ते लिनस टोरवाल्ड्स यांच्याकडे आले. वापराने नाव लोकांचे झाले होते. ते लोकांचेच राहावे म्हणून कोणाच्या तरी हाती द्यावे लागले.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा: जी कंपनी पैसा आणि माणसे लावते, तिनेच नावाचा फायदा का घेऊ नये? घ्यावा. पण तीच कंपनी नावाची राखणदारही असेल, तर प्रतिस्पर्ध्याला न्याय देताना तिचा हात थरथरणारच. ऑटोमॅटिक कंपनीने २०१० मध्ये वर्डप्रेस या संकेतस्थळ-प्रणालीचे नाव वर्डप्रेस फाउंडेशनला दिले, त्याचे कौतुक झाले. व्यापारी वापराचा एकमेव परवाना मात्र स्वतःकडे ठेवला. २०२४ मध्ये तिने डब्ल्यूपी इंजिन या प्रतिस्पर्धी होस्टिंग कंपनीकडे नावाच्या वापरापोटी उत्पन्नाच्या ८ टक्के मागितले. वाद चिघळला, आणि ऑक्टोबरमध्ये डब्ल्यूपी इंजिनचा एक लोकप्रिय प्लगइन वर्डप्रेसच्या यादीत त्याच पत्त्यावर वेगळ्या नावाने, दुसऱ्यांच्या ताब्यात गेला. डिसेंबरमध्ये कॅलिफोर्नियातील न्यायालयाने तात्पुरता मनाई हुकूम देऊन पूर्वस्थिती आणायला लावली. खटल्याचा कायदेशीर भाग न्यायालयाने बघावा. पण ज्या हजारो संकेतस्थळांनी त्या पत्त्यावर विश्वास टाकला होता, त्यांना न विचारता ग्वाही देणारा बदलला. नाव राखण्याचे जे एकमेव समर्थन, तेच यात मोडले.

तेव्हा निकष सोपा आहे. नाव राखणाऱ्याने नियम भांडणाआधी लिहिलेला असावा, तो स्वतःलाही लागू करावा, आणि ज्या दिवशी काम करणारे दुसरीकडे गेले त्या दिवशी नाव त्यांच्या मागे जाऊ द्यावे. फोर्क करणाऱ्याने कोड हक्काने घ्यावा आणि नाव स्वतःचे ठेवावे. नवा प्रकल्प सुरू करणाऱ्यांनी परवाना निवडतात त्याच दिवशी नाव कोणाच्या हाती राहील हेही लिहून ठेवावे, आणि ते हात शक्यतो बाजारात उतरलेल्या कोणाचे नसावेत.