दूरचा वैद्य आणि जवळचा शेजारी

मत्तयकृत शुभवर्तमानाच्या आठव्या अध्यायात रोगनिवारणाच्या दोन गोष्टी एकापाठोपाठ आल्या आहेत. पहिलीत प्रभू येशू कुष्ठरोग्याला हात लावून शुद्ध करतो. दुसरीत कफर्णहूम येथील शताधिपतीच्या चाकराला तो पाहतही नाही, केवळ शब्दाने बरे करतो. आज आपल्या खेडोपाडी जो एक नवा प्रश्न उभा राहिला आहे, त्याचा विचार करताना या दोन्ही गोष्टी मनापुढे ठेवाव्या.

प्रश्न असा की, वैद्य पन्नास कोसांवर बसून यंत्राच्या पडद्यावर रोग्याला पाहू लागला, तर ती खरी शुश्रूषा होय काय?

सरकारची ई-संजीवनी नावाची व्यवस्था २०१९ साली सुरू झाली. गावच्या आरोग्य केंद्रात रोगी बसतो. तेथील अधिकारी ताप, रक्तदाब वगैरे तपासून लिहितो, आणि दूरचा डॉक्टर इंटरनेटच्या द्वारे रोग्याशी बोलून औषध लिहून देतो. फेब्रुवारी २०२३ पर्यंत अशा सल्ल्यांची संख्या १० कोटींवर गेली. १८९४ साली मिरजेस डॉ. वानलेस यांचे मिशन रुग्णालय उभे राहिले तेव्हा रोग्यालाच वैद्याकडे जावे लागे. ज्या मजूर बाईचा तालुक्याला जाण्यात एक दिवसाचा रोज बुडतो, तिला ही सोय केवढी मोठी आहे!

कोणी वडीलधारे म्हणतील, "नाडीला हात न लावणारा वैद्य कसला?" पोटातील गाठ पडद्यावर चाचपता येत नाही हे खरे, तेथे दवाखाना गाठलाच पाहिजे. परंतु अंतर हे नेहमीच वाईट असते असे नाही. १८१६ साली फ्रान्स देशातील रेने लॅनेक या डॉक्टरास एका तरुण स्त्रीच्या छातीला कान लावणे अप्रशस्त वाटले, म्हणून त्याने कागदाची सुरळी मध्ये धरली. तो हृदयाचा आवाज पूर्वीपेक्षा स्पष्ट ऐकू आला! त्या सुरळीचाच पुढे स्टेथोस्कोप झाला.

तर मग उणीव कोठे राहते? अमेरिकेतील अनेक रुग्णालयांत कोणत्या रोग्यास अधिक देखभाल हवी, हे ठरविण्यास संगणकाच्या हिशेबाचा आधार घेत. २०१९ साली 'सायन्स' या नियतकालिकातील संशोधनाने दाखवून दिले की, तो हिशेब आजारावरून नव्हे तर झालेल्या खर्चावरून होत होता. कृष्णवर्णीयांवर पूर्वीपासून कमी खर्च होत आला होता, म्हणून तितकेच आजारी असूनही ते यंत्राला अधिक निरोगी दिसले. माणसांनी केलेला अन्याय यंत्राने मुकाट्याने पुढे चालविला. ज्याला कोणी दवाखान्यात नेलेच नाही, त्याची नोंद यंत्रात कोठून असणार? गावाच्या टोकाला एकटी पडलेली म्हातारी कोणत्याही यंत्रास ठाऊक नाही.

येथे शताधिपतीकडे पुन्हा पाहा. चाकर दुरून बरा झाला खरा, पण त्याच्यासाठी प्रभूकडे जाऊन विनवणी करणारा मनुष्य त्याच्या घरचाच होता. वैद्य दूर असला तरी चालेल. शेजारी दूर असून चालणार नाही.

आणखी एक गोष्ट विश्वासूपणाची आहे. २७ सप्टेंबर २०२१ रोजी देशभर सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनमध्ये 'आभा' हा १४ अंकी क्रमांक मिळतो. रोग्याच्या संमतीने त्याचे वैद्यकीय कागद त्या क्रमांकाला जोडले जातात. परंतु खेड्यात मोबाईल पुष्कळदा उपदेशकाचा असतो, आणि संमतीचा ओटीपीही त्यावरच येतो. मग कोणाला क्षय झाला, कोणाचा गर्भ गळाला, हे त्याच्या हाती येते. कायदा संमती मागतो. पण अजाण मनुष्यास समजावून न सांगता घेतलेली संमती ही संमतीच नव्हे. आणि तीच गुप्त गोष्ट आपण मंडळीच्या प्रार्थनासभेत नाव घेऊन उघड केली, तर प्रार्थनेच्या निमित्ताने चहाडीच केली असे होईल. रोग्यासाठी प्रार्थना मागावयाची तरी त्याला आधी विचारावे.

उपदेशक बंधूंनो, या आठवड्यात आपल्या मंडळीतील असे एक घर शोधा की जेथे आजारी आहे, पण मोबाईल नाही. त्यास केंद्रापर्यंत न्या, डॉक्टर बोलत असता त्याच्याजवळ बसा, आणि तेथे जे ऐकाल ते आपल्या अंतःकरणातच ठेवा.