थोमाचा प्रश्न



कॉलेजात शिकणाऱ्या एका मुलाने मला विचारले, "फादर, देव आहे हे सिद्ध करता येते का?" मी घाईत होतो. "विश्वास ठेव," एवढेच म्हणालो. त्यानंतर तो मिस्साला दिसेनासा झाला.

जर्मन तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांट यांनी १७८४ साली प्रबोधनावर निबंध लिहिला. स्वतःची सदसद्विवेकबुद्धी धर्मगुरूवर सोपवून मोकळा होणारा माणूस अजून सज्ञान झालेला नाही, असे त्यांचे म्हणणे. हा टोला आम्हा धर्मगुरूंनाही आहे. पण याच कांट यांनी १७८१ सालच्या ग्रंथात दाखवले, की निव्वळ तर्काने देव सिद्ध करता येत नाही, तसा नाकारताही येत नाही. सेमिनरीत मी हे शिकलो होतो. त्या मुलाला निदान तेवढे तरी सांगायला हवे होते.

थोमाने शंका घेतली, तरी शिष्यांनी त्याला दूर केले नाही. आठ दिवसांनी प्रभू येशू पुन्हा आला आणि त्याने थोमाला आपल्या जखमा दाखवल्या.

पालकहो, मुलांचे प्रश्न दडपू नका. तरुणांनो, शंका घेऊन या. उत्तर ठाऊक नसेल तर मिळून शोधू. त्या मुलाच्या घरी या आठवड्यात मी स्वतः जाणार आहे. प्रार्थना करा.

प्रभूमध्ये आपला,
धर्मगुरू