पाण्याच्या काठावरचा घोडा

बसा. खुर्चीत पाठ टेकून बसलात तरी चालेल, पद्मासनाची गरज नाही. फोन दुसऱ्या खोलीत ठेवता आला तर बरं. आजच्या मननाला एक घोडा लागणार आहे आणि तो घाईने येणाऱ्यातला नाही.

आधी एक अट. घोडा म्हटला की आपल्याला रूपक सुचतं. कठोपनिषदात इंद्रियं घोडे आहेत, मन लगाम आहे, बुद्धी सारथी आहे. सुंदर रूपक आहे, पण त्यात घोड्याला काय वाटतं हे कुणी विचारत नाही. आज ते बाजूला ठेवू. आजचा घोडा घोडाच आहे. पाचशे किलोंच्या पुढचा, घामाचा वास येणारा, माशांनी हैराण होणारा.

माथेरानला किंवा महाबळेश्वरला कधी घोड्यावर बसला असाल तर ते आठवा. वर चढल्यावर जमीन वाटली होती त्यापेक्षा बरीच खाली गेली होती. मांड्यांखाली काहीतरी ऊबदार, जिवंत हलत होतं. लगाम घोडेवाल्याच्या हातात होता, म्हणून तुम्ही हसत होतात. आता घोडेवाला निघून गेला असं समजा.

घोडा कुमाईत आहे. अंग तपकिरी, आयाळ आणि शेपूट काळी. त्याचं रूप नंतर न्याहाळू, आधी फक्त कान बघा. खोगिरावरून सगळ्यात जवळ तेच दिसतात. एक कान पुढे आहे, दुसरा तुमच्याकडे वळलेला. पुढचा कान रस्त्यावर लक्ष ठेवून आहे, मागचा तुमच्यावर. तुम्ही बसल्या जागी जरा सरकलात की मागचा कान हलतो. श्वास रोखलात तरी हलतो. पाठीवर बसलेली एक माशी ज्याला कळते, त्याला तुमचं अवघडलेपण कळणार नाही असं कसं होईल?

इथे थोडं थांबा. आपण कुणाच्या तरी इतक्या बारीक निरीक्षणाखाली बसलो आहोत, हे अंगाला कळू द्या.

आता दोन्ही कान एकदम पुढे ताठ झाले. मान वर गेली, पाठ कडक झाली. मैदानाच्या कडेला कुणाची तरी छत्री उघडी पडली आहे. काल याच छत्रीजवळून तो निमूट गेला होता. आज आपण उलट्या बाजूने येतोय आणि त्याच्या लेखी ही छत्री नवीनच आहे. एका झटक्यात तो आडवा सरकतो. तुम्ही पडत नाही, पण मांड किती कच्ची आहे ते समजतं.

या वेळी घोडेस्वारांच्या तोंडी येणारं ठरलेलं वाक्य म्हणजे “खोडील आहे”. तसं म्हणण्याआधी त्याच्या डोळ्यांनी बघू. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. त्यामुळे त्याला जवळजवळ सगळ्या दिशांचं एकाच वेळी दिसतं. आंधळ्या जागा दोनच, कपाळासमोरची जवळची आणि शेपटीमागची. लाल आणि नारिंगी रंग त्याला हिरव्यापासून नीट वेगळे काढता येत नाहीत. गवतावरचा नारिंगी अडथळा आपल्याला उठून दिसतो, त्याला तो गवतातच मिसळलेला दिसतो. लाखो वर्षं गवतातल्या हालचालीवर नजर ठेवून हा प्राणी जगला आहे. जे पूर्वज छत्रीला घाबरले नाहीत, त्यांची वंशावळ पुढे चालली नाही.

आणि इथेच घोडं पेंड खातं. जी जाणीव छत्रीला बुजते, तीच उडीच्या क्षणी पाय कुठे टाकायचा हे डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोवर ठरवते. जो घोडा स्वाराच्या पोटरीचा हलका दाब ओळखून तिरका चालतो, त्यालाच पोटरी घाबरून घट्ट झालेलीही कळते. गुण एका कप्प्यात आणि खोड दुसऱ्या कप्प्यात असं नसतं. खोड काढायला जाल तर गुणही सोबत निघून येईल. बधिर केलेला घोडा कशालाच बुजत नाही, आणि त्याच्यावर बसून काही जिंकताही येत नाही.

ही गोष्ट मनात नीट बसू द्या. पुढे एक खरा घोडा येतोय.

इव्हेंटिंग हा घोडेस्वारीतला तीन कसोट्यांचा खेळ आहे. जोडी तीच, कसोट्या तीन. पहिली ड्रेसाज, म्हणजे साठ बाय वीस मीटरच्या आखीव चौकात ठरलेल्या चाली शांतपणे करून दाखवणं. दुसरी क्रॉस-कंट्री, उघड्या माळावर, झाडीतून, पाण्यातून पक्के अडथळे ओलांडत दौड. तिसरी शो जंपिंग. तिथे ज्यांवरून उडी घ्यायची त्या काठ्या हलक्या असतात, एक पडली की चार दंडगुण. सगळा हिशेब दंडगुणांचा असल्यामुळे आकडा जितका लहान तितकं चांगलं. १९१२ साली स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये हा खेळ आला तो लष्करी घोड्यांची परीक्षा म्हणून. १९६४ पासून स्त्रियाही त्यात उतरल्या. आज स्त्री-पुरुष एकाच यादीत एकमेकांविरुद्ध खेळतात, आणि मला तरी या खेळाचं ते मोठं भूषण वाटतं.

या खेळातली लॉरा कॉलेट ही ब्रिटिश स्वार. तिच्या घोड्याचं नाव लंडन ५२. चौकात हा घोडा असा चालतो की पंच मान डोलावतात. पॅरिस ऑलिंपिकला, २०२४ मध्ये, त्याच्या ड्रेसाजला १७.५ दंडगुण पडले. ऑलिंपिकमधला तो विक्रम ठरला.

पण पाच वर्षं मागे चला. २०१९, जर्मनीतलं लुम्युलेन, युरोपीय अजिंक्यपद स्पर्धा. घोड्याची चाल तीच, अंगातली ताकदही तीच. क्रॉस-कंट्री मात्र पूर्ण झाली नाही. चौकात मखमलीसारखा वागणारा घोडा माळावर पोचला की भरवशाचा राहील की नाही, हे तेव्हा कुणी छातीठोकपणे सांगू शकत नव्हतं.

अशा दिवसानंतर स्वार काय करतो, त्यावर आता मन ठेवा. वर्तमानपत्रं निकाल छापतात. त्यानंतरचा मंगळवार कुणी छापत नाही.

तो मंगळवार कुठल्याही चांगल्या पागेत साधारण असाच असतो. मोठ्या उड्या बंद. घोड्याला पाण्याच्या उथळ डबक्याशी न्यायचं. गुडघ्याच्याही खालपर्यंतचं पाणी, कडेला उतरती वाट. तुम्ही त्याच्या पाठीवर आहात. तो काठावर येऊन थांबतो.

थांबू द्या.

पाण्याचा तळ त्याला दिसत नाही. पृष्ठभागावर आभाळ चमकतंय आणि त्याच्या दृष्टीने तिथे जमीन संपली आहे. तुमच्या टाचा शिवशिवतात. मारावी एक, मग जाईल, असं वाटतं. कदाचित जाईलही. पण त्याच्या आठवणीत पाणी आणि टाच कायमची एकत्र बांधली जातील, आणि पुढच्या वेळी पाणी दिसताच तो टाचेची वाट बघत आक्रसेल. मागे वळू द्यायचं नाही, पुढे ढकलायचंही नाही. पोटऱ्या जागेवर आणि लगाम इतका सैल की मान खाली नेता यावी. तो मान खाली नेतो. नाकपुड्या फुलतात, पाण्यावर जोरात फुरफुरतो, स्वतःच्याच श्वासाच्या तरंगाने दचकतो. पुन्हा वास घेतो. आता एक खूर उचलून पाण्यावर आपटतो. पाणी उडतं, त्याच्याच पोटावर येतं. तुमच्या डाव्या बाजूने एक म्हातारा, अनुभवी घोडा सावकाश पाण्यात शिरतो आणि कंटाळल्यासारखा उभा राहतो. तुमचा त्याच्याकडे बघतो. मग एक पाय आत. खाली जमीन आहे. दुसरा पाय.

आता काही करू नका. मानेवर हात फिरवा आणि त्याला उभं राहू द्या. बहुतेक स्वार इथे घाई करतात. आत गेला ना, मग आता तीनदा ये-जा करून पक्कं करू! ती हाव आवरायला जेवढा कस लागतो, तेवढा मला वाटतं उडीलाही लागत नाही. जे हवं होतं ते मिळालं. आज पागेत परत.

(मी रूपक नको म्हणालो होतो, आणि ती अट मोडत नाही. पण या काठावर उभं असताना तुम्हाला घरातलं, वर्गातलं किंवा ऑफिसातलं एखादं हुशार आणि अवघड माणूस आठवलं असेल, तर त्याला हाकलू नका. बसू द्या बाजूला.)

आता श्वासाकडे या. घोडा तोंडाने श्वास घेऊ शकत नाही, फक्त नाकाने घेतो. आणि दौडताना त्याचा श्वास टापांशी बांधलेला असतो. अंग वर उचललं जाताना आत, पुढचे पाय जमिनीवर भार घेताना बाहेर, एका झेपेला एक श्वास. पंचतारांकित, म्हणजे सर्वोच्च दर्जाच्या स्पर्धेत क्रॉस-कंट्रीचा वेग मिनिटाला ५७० मीटरपर्यंत असतो, म्हणजे ताशी ३४ किलोमीटर. या गतीला त्याचे मिनिटाला शंभराहून जास्त श्वास होतात, आणि अशी दहा-बारा मिनिटं. त्या आवाजावर तुमचा श्वास ठेवून बघा. त्याच्या वेगाने नाही, दम लागेल. फक्त ऐकत राहा आणि स्वतःचा श्वास चालू ठेवा. अडथळा समोर दिसला की नवखा स्वार श्वास धरतो. मागे वळलेला तो कान आठवतोय ना? त्याला ते लगेच कळतं. वर बसलेला घाबरलाय, म्हणजे पुढे खरंच काहीतरी आहे.

अडथळा जवळ येतोय. पाच झेपा. चार. या अंतरात स्वार काय करू शकतो ते करून झालं. वेग ठरला, दिशा ठरली. तीन. दोन. आता एक विलक्षण गोष्ट होते. अगदी जवळ आल्यावर अडथळा घोड्याच्या कपाळासमोरच्या आंधळ्या जागेत जातो. ज्याच्यावरून उडायचं, ते उडण्याच्या क्षणी त्याला दिसत नसतं. काही झेपांपूर्वी पाहिलेल्यावर भिस्त ठेवून तो जमीन सोडतो.

आणि पाठीवर कोण आहे? २०१३ मध्ये लॉरा कॉलेट एका स्पर्धेत घोड्यासह कोसळली. सहा दिवस तिला औषधांनी बेशुद्ध ठेवावं लागलं. जीव वाचला, उजव्या डोळ्याची दृष्टी गेली. लंडन ५२ सोबतचं तिचं सगळं मोठं यश त्यानंतरचं आहे. एका डोळ्याने अंतराचा अंदाज घेणारी स्वार आणि उडीच्या क्षणी अडथळा न दिसणारा घोडा. यावर मी काही जोडणार नाही. तुम्हीच थोडा वेळ या चित्रापाशी बसा.

पुढचे निकाल भराभर सांगता येतात. लुम्युलेनच्याच वर्षी शरदात ही जोडी नेदरलँड्समध्ये बुकेलोला जिंकली. २०२० ला फ्रान्समध्ये पो इथे जिंकली. टोकियो ऑलिंपिकमध्ये ब्रिटनच्या सुवर्णविजेत्या संघात होती. २०२२ ला इंग्लंडमधल्या बॅडमिंटन गावची इव्हेंटिंग स्पर्धा जिंकली ती २१.४ या तिथल्या विक्रमी दंडगुणांवर. पॅरिसमध्ये सांघिक सुवर्ण आणि वैयक्तिक कांस्य मिळालं. यादी वाचताना वाटतं की शिडीच चढत गेले. पण प्रत्येक दोन ओळींमध्ये असे कित्येक मंगळवार आहेत आणि त्यातले काही नक्कीच वाया गेले असणार.

शिवाय प्रत्येक अवघड घोडा लंडन ५२ होत नाही. काही घोड्यांना माळ आवडतच नाही. त्यांना नुसत्या चौकात किंवा नुसत्या हलक्या काठ्यांवर ठेवणं हा शहाणपणा आहे. त्याला स्वाराचा पराभव म्हणणाऱ्यांचं माझ्याशी पटणार नाही. स्पर्धेचा अर्ज माणूस भरतो, घोडा भरत नाही. या खेळात घोडे आणि माणसं दोन्ही मेलेली आहेत. म्हणूनच आता कितीतरी अडथळ्यांना जोराचा धक्का बसला की निसटणाऱ्या खिळी बसवतात. आणि म्हणूनच काठावर थांबलेल्या घोड्याला “नाही” म्हणायचाही हक्क आहे, हे धरूनच त्याच्या पाठीवर बसायला हवं.

सावकाश खाली उतरा. खोगीर काढा, घामाने भिजलेली पाठ पुसा, पाणी दाखवा. डोळे मिटले असतील तर उघडा.

लॉरा कॉलेट आणि लंडन ५२ या जोडीने २०२५ च्या सप्टेंबरमध्ये इंग्लंडमधल्या ब्लेनहाइमला युरोपीय वैयक्तिक सुवर्ण जिंकलं. घोडा तेव्हा सोळा वर्षांचा होता. क्रॉस-कंट्रीच्या दौडीचं चित्रण इंटरनेटवर शोधलं तर मिळतं. बघाल तेव्हा आधी आवाज बंद करा आणि उडी सोडून तिच्या आधीच्या पाच झेपा बघा. घोड्याचे कान कुठे आहेत, स्वाराचे हात काय करतायत आणि मुख्य म्हणजे काय करत नाहीयेत, तेवढंच बघा. गुणफलक नंतर बघितला तरी चालतो.