सोंगाआडची स्टील गिटार

अमेरिकेतल्या कंट्री संगीताच्या पहिल्या तीस-पस्तीस वर्षांचा इतिहास वाचू लागले की दोन प्रकारचे कलावंत पुन्हा पुन्हा दिसतात आणि दर वेळी तळटीपेत ढकलले जातात. एक गायकाच्या बाजूला बसून आडव्या गिटारच्या तारांवर पोलादी कांडी सरकवणारा, दुसरा दोन गाण्यांच्या मधल्या वेळात येऊन लोकांना हसवणारा. इतिहासकार या दोघांचे खाते वेगवेगळे ठेवतात, पण कितीतरी वेळा हे दोघे म्हणजे एकच माणूस असे. गायक रॉय एकफच्या 1936 मधल्या ‘द ग्रेट स्पेकल्ड बर्ड’ या ध्वनिमुद्रणातली डोब्रो वाजवणारा क्लेल समी पुढे ‘कझिन जोडी’ नावाचा बोळका विदूषक झाला. त्याच्या जागी आलेला पीट कर्बी ‘बॅशफुल ब्रदर ऑस्वाल्ड’, म्हणजे लाजाळू ऑस्वाल्डभाऊ, म्हणून डांगरी घालून गडगडाटी हसू लागला. हा योगायोग नव्हता असे माझे म्हणणे आहे. कंट्री संगीताचा सगळा दावा अस्सल ग्रामीणपणाचा होता, आणि त्या दाव्याला सर्वांत अडचणीचे वाद्य होते स्टील गिटार. ही अडचण विनोदाने झाकली.

अडचणीचे कशासाठी, हे वाद्याच्या जन्मकथेवरूनच कळते. मांडीवर आडवी ठेवलेली गिटार, उचललेल्या तारा आणि त्यांवरून घसरणारी कांडी ही हवाई बेटांची देणगी. तिचे श्रेय सहसा ओआहू बेटावरच्या लाइए गावात 1874 साली जन्मलेल्या जोसेफ केकुकूला दिले जाते. 1904 मध्ये तो अमेरिकेच्या मुख्य भूमीवर गेला. 1915 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला भरलेल्या जागतिक प्रदर्शनानंतर तर हवाई संगीताचे खूळच पसरले. आपल्याकडे ‘हवाईयन गिटार’ या नावाने आलेले वाद्य हेच, आणि ‘कॉल ऑफ द व्हॅली’मध्ये ब्रिजभूषण काबरांची मींड ज्यांच्या कानात आहे त्यांना तिच्या ताकदीविषयी वेगळे सांगायला नको. तिकडे पुढची भर स्थलांतरितांनी घातली. आवाज मोठा व्हावा म्हणून पोटात धातूची तबकडी बसवलेली डोब्रो 1928 च्या सुमारास कॅलिफोर्नियात आली, ती स्लोव्हाक वंशाच्या डोपेरा बंधूंकडून. आणि विजेवर चालणारी, बाजारात आलेली पहिली गिटार कोणती? 1930 च्या दशकाच्या सुरुवातीची रिकनबॅकर कंपनीची ‘फ्राइंग पॅन’, तीही मांडीवर घेऊन वाजवायची हवाई धाटणीचीच. टेनेसीच्या डोंगरातल्या बापजाद्यांचे म्हणून जे संगीत रेडिओवर विकले जात होते, त्यातला सर्वांत हळवा स्वर असा प्रशांत महासागरातून आणि कारखान्यातून आलेला होता.

नॅशव्हिलच्या डब्ल्यूएसएम रेडिओ केंद्रावरच्या ‘ग्रँड ओल ऑप्री’ या कार्यक्रमाने ग्रामीणपणाचा हा देखावा पद्धतशीरपणे उभा केला. हंफ्री बेट हे पेशाने डॉक्टर, व्हँडरबिल्ट विद्यापीठाचे पदवीधर. त्यांच्या वाद्यवृंदाचे सभ्य नाव बदलून कार्यक्रमाचे चालक जॉर्ज हे यांनी त्याला ‘पॉसम हंटर्स’ केले. सुटाबुटातले वादक छायाचित्रांत शेतकऱ्यांच्या वेषात दिसू लागले. या घरात परके वाद्य घ्यायचे तर त्याला गावरान रूप द्यावे लागणार. कर्बीचे उदाहरण बोलके आहे. तो मूळचा टेनेसीच्या डोंगराळ भागातला खरा, पण ही वादनपद्धती त्याने उचलली ती मोटारींच्या कारखान्यांच्या फ्लिंट शहरात, रूडी वाइकिकी नावाच्या हवाईयन वादकाकडून. एकफच्या ताफ्यात रेचल वीच ही अविवाहित बँजोवादक आली, तेव्हा पुरुषांबरोबर फिरणाऱ्या एकट्या मुलीविषयी श्रोत्यांनी कुरकुर केली. म्हणून कर्बीला तिचा भाऊ करण्यात आले. एका खोट्या नात्याने मुलीची अब्रू राहिली आणि वाद्यालाही घर मिळाले. समीची गोष्ट तर याहून गमतीची. जरा आधुनिक वाजवायचे म्हणून तो एकफला सोडून गेला, आणि नाव कमावले ते दात नसलेल्या खेडवळ सोंगाने. विजेच्या गिटारला तो ‘बिस्किट बोर्ड’, म्हणजे बिस्किटांची कणीक लाटायचा पाट, म्हणे. यंत्राला स्वयंपाकघरातले नाव दिले की यंत्र परके राहत नाही.

यावर पहिला आक्षेप व्यवहारी माणूस घेईल: ताफे लहान, पैसा तुटपुंजा, तेव्हा एकाने दोन कामे करायचीच, बास वाजवणारेही विनोद करत. हे खरे आहे, आणि ते मी नाकारत नाही. पण त्याने वादक विनोद का करी एवढेच कळते. तो विनोद ठरून बावळट खेडुताचाच का असे, याचा उलगडा होत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. टेक्सासमध्ये मिल्टन ब्राउनच्या ताफ्यातल्या बॉब डनने जानेवारी 1935 मध्ये विजेची स्टील गिटार ध्वनिमुद्रित केली, कंट्री संगीतातले असे ते पहिलेच. बॉब विल्सकडच्या लिओन मॅकऑलिफने तिला लोकप्रिय केले. त्यांना कुठे बोळक्या सोंगाची गरज पडली? नाही पडली, कारण टेक्सासचे श्रोते नाचायला येत, बापजाद्यांचे घर आठवायला नव्हे. ज्या मंचावर शुद्धतेचा बडेजाव होता, जिथे ड्रमसुद्धा वर्षानुवर्षे खपत नव्हता, तिथेच मुखवटा लागला. आक्षेप म्हणून पुढे आलेला हा दाखला माझ्याच बाजूने बोलतो.

तिसरा आक्षेप नैतिक आहे: या सोंगांनी खेडुतांचीच टिंगल केली. मिनी पर्लच्या बाबतीत हे पटत नाही. सारा ऑफेलिया कॉली ही चांगली शिकलेली, नाट्यशिक्षण घेतलेली बाई 1940 मध्ये मिनी पर्लचे सोंग घेऊन ऑप्रीवर आली. टोपीला लटकणारी 1.98 डॉलरची किमतीची चिठ्ठी ही तिची खूण, आणि ती हसे ते नव्या वस्तूचे अप्रूप असलेल्या स्वतःला. समोरच्यांना त्यात आपली मावशी दिसे. ऑप्रीचाच विनोदवीर रॉड ब्रासफिल्ड तंबूतल्या फिरत्या नाटकांतून घडलेला, त्याचा भाबडेपणाही असाच आतून आलेला. मात्र सगळाच विनोद इतका निष्पाप नव्हता. तोंडाला काळे फासून कृष्णवर्णीयांची नक्कल करणारी ‘जमप अँड हनी’ ही जोडी याच मंचावर टाळ्या घेत होती, आणि ऑप्रीच्या सुरुवातीच्या वर्षांतला लाडका माउथऑर्गनवादक डिफोर्ड बेली, जो खरोखर कृष्णवर्णीय होता, त्याला 1941 मध्ये काढून टाकण्यात आले. सोंगाचे छत्र कोणावर धरायचे हे मंचाच्या मालकांनी ठरवले. परके वाद्य आत आले, परकी माणसे बाहेर राहिली. 1929 मध्ये कंट्री गायक जिमी रॉजर्सच्या ध्वनिमुद्रणांत स्टील वाजवणारा जोसेफ कायपो हा हवाईयन आज किती कंट्रीप्रेमींना ठाऊक आहे?

पुढे झाकायचे कारणच उरले नाही. बड आयझॅक्सने वेब पिअर्सच्या ‘स्लोली’ या गाण्यात स्टील गिटारची तार वाजत असतानाच पेडल दाबून स्वर वाकवला, 1954 मध्ये ते गाणे गाजले आणि सगळे वादक पेडलमागे लागले. हँक विल्यम्सच्या गाण्यांत डॉन हेल्म्सने स्टीलवर जो करुण सूर भरला होता, तोच एव्हाना कंट्रीची ओळख झाला होता. जे वाद्य कालपर्यंत उपरे होते तेच अस्सलपणाचा दाखला ठरल्यावर, त्याच्यासाठी हमी देणारा विदूषक कोणाला हवा? पण हिशेब लागला तो फार तिरपा. कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेमने 1961 पासून निवडी केल्या. विनोदकारांना त्यात 1975 पासून मिनी पर्ल, मग ड्यूक ऑफ पदूका, मग ब्रासफिल्ड अशी जागा मिळाली. पेडल स्टीलवादक म्हणून पीट ड्रेकची निवड झाली ती 2021 मध्ये. दोन्ही कामे एकाच अंगावर वागवणारे कझिन जोडी आणि ऑस्वाल्ड या यादीत नाहीत, आणि ही चूक दुरुस्त करायला साठ वर्षांहून अधिक काळ मिळूनही ती तशीच राहिली आहे.