ताप येण्याआधीचं रक्त

जुलै २०२४ च्या सुरुवातीला केंद्र सरकारने झिकाबद्दल राज्यांना सावध केलं, तेव्हा महाराष्ट्रात आठ रुग्णांची नोंद होती. सहा पुण्याचे, एक कोल्हापूरचा आणि एक आमच्या संगमनेरचा. गावात बोलणं झालं ते गरोदर बायकांबद्दल, आणि ते रास्तच होतं. झिकामुळे पोटातल्या बाळाच्या मेंदूची वाढ खुंटू शकते. मी बरीच वर्षं रक्तदान शिबिरांत फॉर्म भरून घेण्याचं काम करतो, त्यामुळे माझं मन दुसरीकडे गेलं. झिकाची लागण झालेल्या पाचांपैकी साधारण चौघांना काहीच त्रास होत नाही. असा माणूस कामावर जातो, जेवतो-खातो, आणि शिबिरातल्या खाटेवर येऊन हातही पुढे करतो.

डेंग्यू, चिकनगुनिया आणि झिका हे तिन्ही एडिस डास पसरवतो, आणि त्याला साठवलेलं स्वच्छ पाणी लागतं. नगर जिल्ह्यात ते घरोघर आहे. उन्हाळाभर टँकरची वाट पाहिलेल्या बाईला आशाताई सांगतात, आठवड्यातून एकदा पिंप कोरडं करा. पाऊस सुरू झाला तरी तिचा जीव धजत नाही. पाथर्डी-पारनेरकडच्या माणसाला हे समजावून सांगावं लागणार नाही.

डेंग्यूचा विषाणू ताप चढण्याच्या एक-दोन दिवस आधीच रक्तात फिरू लागतो. रक्तपेढीत प्रत्येक पिशवी एचआयव्ही, कावीळ बी, कावीळ सी, सिफिलिस आणि मलेरिया या पाच गोष्टींसाठी तपासावी लागते. डेंग्यू, चिकनगुनिया, झिका त्या यादीत नाहीत. जगात इतरत्र काय झालं ते पाहिलं तर हे खटकतं. रियुनियन बेटावर २००६ साली चिकनगुनियाची साथ इतकी वाढली की तिथलं रक्तसंकलन थांबवून फ्रान्समधून रक्त आणावं लागलं. २०१३-१४ मध्ये फ्रेंच पॉलिनेशियात १५०५ रक्तदाते तपासले, तर ४२ जणांच्या रक्तात झिका सापडला. रक्त देताना ते सगळे ठणठणीत होते. अमेरिकेने २०१६ मध्ये प्रत्येक पिशवीची झिका चाचणी सक्तीची केली आणि साथ ओसरल्यावर २०२१ मध्ये ती सक्ती उठवली.

आपल्याकडे अशी चाचणी न करण्यामागे खर्चाचं कारण सांगतात, पण दुसरंही एक कारण आहे आणि ते मला पटतं. जिथे डास रोज चावतो, तिथे पिशवीतून येणारा धोका त्यामानाने फार लहान. ब्राझीलमध्ये २०१२ च्या साथीत डेंग्यूचं रक्त मिळालेल्या, लागण होऊ शकणाऱ्या रुग्णांपैकी सुमारे एक तृतीयांशांना लागण झाली. पण त्यांचा आजार इतर रुग्णांपेक्षा ठळकपणे वाढला नाही. मोठ्या, धडधाकट माणसापुरता हा हिशेब ठीक आहे. गरोदरपणात रक्तस्राव झालेल्या बाईला झिकाचं रक्त चढलं तर काय, किंवा दर तीन-चार आठवड्यांनी रक्त घेणाऱ्या थॅलेसेमियाच्या पोराचं काय, याचं उत्तर त्या हिशेबात मला सापडत नाही.

चाचणी नाही, म्हणजे उरतो फॉर्म. डेंग्यू किंवा चिकनगुनिया झाला असेल तर बरं झाल्यावर सहा महिने थांबा, झिकासाठी चार महिने, मलेरियासाठी तीन. डेंग्यू असलेल्या भागात जाऊन आलेल्याने चार आठवडे थांबावं, असाही नियम आहे. तो पहिल्यांदा वाचला तेव्हा हसू आलं. शिर्डीला येऊन गेलेल्या भाविकाने घरी जाऊन चार आठवडे थांबायचं. आम्ही तर इथेच राहतो! नियम शब्दशः पाळला तर जुलै ते डिसेंबर रक्तपेढ्यांना कुलूप लावावं लागेल, आणि नेमकी तेव्हाच प्लेटलेट्ससाठी नातेवाइकांची धावपळ सुरू असते. स्वैच्छिक रक्तदान दिन १ ऑक्टोबरला येतो, तोही याच दिवसांत.

म्हणून सगळी भिस्त दात्याच्या तोंडच्या शब्दावर. आणि आपली शिबिरं त्याला खरं बोलायला जागाच ठेवत नाहीत. कुणाचा तरी वाढदिवस, फ्लेक्सवर बाटल्यांचा संकल्प, टेबलावर हेल्मेट नाहीतर टिफिन. पाच मित्रांबरोबर आलेल्या पोराला सगळ्यांदेखत विचारायचं, ताप आला होता का?

‘ताप नाही हो सर, नुसती कणकण. डोलो घेतली.’

‘मग दादा, आज नको. दोन आठवड्यांनी या.’

पोरगं ओशाळतं. मागून कार्यकर्ता म्हणतो, ‘जाऊ द्या ना सर, पैलवान गडी आहे.’ आकडा वाढवायचा असतो. या भेटवस्तू बंद कराव्यात आणि विचारपूस आडोशाला करावी, हे मी प्रत्येक आयोजकाला सांगतो. आडोसा काही जण करतात. हेल्मेट कुणी सोडत नाही.

रक्त दिल्यानंतरचा फोन तर आपल्या सवयीतच नाही. दोन-चार दिवसांत ताप आला तर कळवा, असं सांगून नंबर देतो. बहुतेक जण कार्ड खिशात घालून विसरतात. लाल पेशी पस्तीस ते बेचाळीस दिवस टिकतात, त्या बाजूला काढायला वेळ मिळतो. प्लेटलेट्स पाचच दिवस, आणि मोसमात त्या दुसऱ्या दिवशीच निघून जातात. तेव्हा ताप आला की फोन त्याच संध्याकाळी यायला हवा.

एका रिक्षावाल्याने तसा केला होता. अंग तापलंय, माझी बाटली कुणाला देऊ नका, म्हणाला. पिशव्या बाजूला ठेवल्या. त्याचा डेंग्यूचा रिपोर्ट निगेटिव्ह आला, पण ताप कशाचा ते कळलं नाही, म्हणून रक्त टाकून दिलं. त्याने पुन्हा फोन करून विचारलं, ‘सर, बाटली फुकटच गेली ना?’

‘गेली,’ म्हटलं.

‘मग पुढच्या टायमाला सांगू का नको?’

‘सांगा. रात्री झोपलो असलो तरी उठवा.’