लेख क्रमांक ३७

गेल्या महिन्यात सर फोनवर सहज म्हणाले, "तेव्हा आपली साइट हॅक झाली होती ना, ते लेख आता मिळायचे नाहीतच का रे?" मी "नाही सर" म्हटलं आणि विषय बदलला. त्या रात्री झोप लागली नाही. साइट हॅक झाली होती हे खरंच आहे, पण सरांना मी तेवढंच सांगितलं होतं.

२०११ साली सरांच्या छोट्या मासिकाची साइट मी केली. सुरुवातीला प्रत्येक लेखाची वेगळी एचटीएमएल फाइल होती. वीस लेख, वीस फायली. मासिकाचं नाव जरा ठळक करायचं म्हटलं तरी वीस ठिकाणी हात घालावा लागे. मग पीएचपी शिकलो. लेख डेटाबेसच्या टेबलात ठेवले, प्रत्येकाला क्रमांक दिला आणि सगळ्यांना मिळून एकच फाइल लिहिली. पत्त्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह, आयडी, बरोबरचं चिन्ह आणि ३७ आलं की पीएचपीने तो आकडा उचलायचा, डेटाबेसला विचारायचं आणि सदतिसावा लेख त्याच चौकटीत आणून मांडायचा. पहिल्यांदा ते चाललं तेव्हा मी कितीतरी वेळ नुसते आकडे बदलत बसलो होतो. ती रचना मला आजही सुंदर वाटते.

पण पत्त्याची ती पट्टी वाचणाऱ्याच्या हातात असते. तिथे तो आकडाच लिहील याची खात्री काय? मी तिथून येईल ते जसंच्या तसं एसक्यूएलच्या वाक्याला जोडत होतो. परक्याने लिहिलेले शब्द माझ्या वाक्यात मिसळत होते आणि डेटाबेस ते माझेच समजून पाळत होता.

मला हे ठाऊक नव्हतं असं म्हणायची सोय नाही. एकदा आकड्यापुढे चुकून अवतरणचिन्ह पडलं आणि लेखाच्या जागी इशारा उमटला: फाइलचा पूर्ण पत्ता, ओळ क्रमांक, सगळं. तासाभरात वाचून काढलं. याला एसक्यूएल इंजेक्शन म्हणतात. 'फ्रॅक' या हॅकरांच्या ई-मासिकात १९९८ सालीच त्यावर लिहून आलं होतं. उपाय म्हणून पीडीओ तर २००५ पासून पीएचपीबरोबरच येत होतं: वाक्य आधी पाठवायचं, आकडा मागाहून वेगळा द्यायचा, म्हणजे आकड्याच्या जागी काहीही आलं तरी ते हुकूम होत नाही. माझ्या बाबतीत तर आलेल्या मजकुराचं पूर्णांकात रूपांतर केलं असतं तरी भागलं असतं. एका ओळीचं काम.

मी ती ओळ लिहिली नाही. सेटिंगमध्ये जाऊन चुका दाखवणंच बंद केलं. चालत्या साइटवर चुका दाखवू नयेत असं जाणकारही सांगतात, म्हणून मनाला पटवणं सोपं गेलं. त्यांचा हेतू वेगळा असतो. मला ते पान माझ्याच डोळ्यांआड करायचं होतं. दुरुस्ती पुढच्या अंकानंतर करू म्हटलं. अंक निघत राहिले.

२०१४ मध्ये कुणीतरी त्याच वाटेने आलं. पासवर्ड मी नुसते एमडीफाइव्ह करून ठेवले होते, ते फोडले आणि आत शिरून लेखांच्या जागी जाहिरातींच्या लिंका भरल्या. माझा बॅकअप आठ महिन्यांचा जुना होता. मधले अकरा लेख गेले. चार वेबॅक मशीनवर सापडले. ३७ सापडला नाही.

३७ एका आजींचा होता, भाताच्या खाचरांवरचा. सहा रेघी पानं, पाठपोट लिहिलेली, गंजक्या टाचणीने जोडलेली. एके ठिकाणी 'नाचणी' खोडून वर 'वरी' लिहिलं होतं. का खोडलं ते मी विचारलं नाही. सगळा लेख मीच टाइप केला आणि आता डेटाबेसमध्ये आहे म्हणून ती पानं रद्दीत घातली. आजी आता नाहीत.

मी सरांना सांगितलं, "सर्व्हरवर हल्ला झाला." सर म्हणाले, "तू तरी काय करणार बाबा." त्यांनी माझी समजूत काढली आणि मी ती काढू दिली. भोक न बुजवण्यापेक्षा मला हे जास्त लागतं.

परवा सरांच्या घरी जाऊन सगळं सांगितलं, अवतरणचिन्हापासून. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "आजींच्या मुलाला कळवायला हवं. तू कळव." मी कळवलं. "आईचं अक्षर तरी राहायला हवं होतं," एवढंच ते बोलले.

इतके दिवस ३७ उघडलं की 'सापडले नाही' म्हणणारा ४०४ यायचा, जणू तिथे कधी काही नव्हतंच. काल मी तिथे ४१० लावला. तो सांगतो, इथे होतं, आता नाही. खाली आजींचं नाव आणि लेखाचं शीर्षक घातलं. त्याखाली आधी 'तांत्रिक कारणामुळे नष्ट' असं लिहिलं होतं. ते खोडून माझं नाव लिहिलं.