दगडाला डोके कोणी लावले?

इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर व्हिटबी नावाचे जुने बंदर आहे. ओहोटी लागली की तिथल्या कड्याखाली काळसर खडकाचा तळ उघडा पडतो आणि माणसे कमरेत वाकून चालू लागतात. त्यांना हवे असतात लाडवाएवढे गोल, गुळगुळीत गोटे. हातोडीचा घाव नेमका बसला आणि नशीब जोरावर असले, तर गोटा दुभंगतो. आत एक वेटोळे दिसते. दोरखंड गुंडाळून ठेवावा तसे, अंगभर बारीक वळ्या असलेले. साप निजला आहे असेच वाटते. फक्त त्याला डोके नसते.

हे काय आहे, या प्रश्नाचे पहिले उत्तर धर्माने दिले. हिल्डा या संत स्त्रीने 657 मध्ये त्या कड्यावर मठ स्थापला. ईस्टर नेमका कधी पाळायचा, याचा निवाडा करणारी 664 ची धर्मसभा तिच्याच मठात भरली. लोककथा म्हणते, मठासाठी निवडलेल्या जागेवर सापांचा सुळसुळाट होता. हिल्डाने प्रार्थना केली, साप दगड झाले आणि कड्याखाली पडले. मग डोकी कुठे गेली? तर ती कथबर्ट या दुसऱ्या संताच्या शापाने गळाली.

ही पुरवणी बाळबोध वाटेल, पण तिच्यात एक सचोटी आहे. दगडात डोके नाही हे कथेने मान्य केले आणि स्वतःलाच मुरड घातली. दगडाला हात लावला नाही.

दुसरे उत्तर भूविज्ञानाचे. हा अमोनाइट, म्हणजे कोकणातल्या मासळीबाजारात मिळणाऱ्या माकुळाचा लांबचा आप्त. फरक एवढाच की हा शंखात राहत असे. व्हिटबीचे अमोनाइट सुमारे 18 कोटी वर्षांपूर्वीचे. त्यांचा सारा वंश 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी, डायनोसॉर गेले त्याच सुमारास संपला. ओळख पटवायची ती खुणांवरून. वेटोळी एकमेकांवर फारशी न चढता शेजारी शेजारी बसलेली आणि वळ्या दाट असल्या, तर तो डॅक्टिलिओसेरस. वळ्या कोयत्यासारख्या वाकलेल्या आणि बाजूवरून एक पन्हळ वेटोळ्याबरोबर फिरत गेलेली असली, तर दुसरी जात. आणि डोके? प्राणी शंखाच्या शेवटच्या, सर्वांत रुंद कप्प्यात राहायचा. त्याचे मऊ शरीर कुजून गेले, शंख उरला. शापाची गरज पडली नाही.

इथवर भांडण नव्हतेच. ते पुढच्या माणसाने आणले. पाहुण्यांना बिनडोक्याचा साप कसा विकायचा, असा विचार करून व्हिटबीच्या कारागिरांनी छिन्नी घेतली आणि वेटोळ्याच्या बाहेरच्या टोकाला डोळे, जबडा असे नागाचे तोंड कोरले. त्यांना डॅक्टिलिओसेरस विशेष सोयीचा, कारण तो सर्वांत जास्त सापासारखा दिसतो. गंमत अशी की त्यांची जागा चुकली नाही. जिवंतपणी त्या प्राण्याचे डोके तिथूनच बाहेर यायचे! पण आता पुरावा खोटा झाला होता. कथबर्टचा शापही फुकट गेला.

छिन्नीचे दुसरे उदाहरण नेदरलँड्समधल्या हार्लेमचे आहे. झुरिकचे वैद्य आणि निसर्गाभ्यासक योहान शॉयख्सर यांनी 1726 मध्ये एक जीवाश्म जगापुढे मांडला. रुंद कवटी, मोठ्या डोळ्यांच्या खोबणी, पाठीचा कणा. नोहाच्या महापुरात बुडालेला माणूस हाच, असे त्यांनी जाहीर केले. शॉयख्सर लबाड नव्हते. महापूर झाला याबद्दल त्यांना शंका नव्हती आणि त्याचा साक्षीदार हवा होता. रोज माणसांची शरीरे पाहणाऱ्या वैद्याच्या डोळ्यांवरही त्या हव्यासाने पडदा टाकला. पुढे तो दगड हार्लेमच्या टेलर्स संग्रहालयात आला. 1811 मध्ये फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ क्युव्हिए तिथे गेले. हा सॅलॅमँडर आहे, असे त्यांचे भाकीत होते. तसे असेल तर दगडात पुढचे पाय दडलेले असणार. सॅलॅमँडरच्या सांगाड्याचे चित्र शेजारी ठेवून त्यांनी दगड कोरायला घेतला. पाय निघाले.

छिन्नी दोघांच्याही हाती होती. व्हिटबीच्या कारागिराने दगडात नसलेले घातले, क्युव्हिएने असलेले उघडे केले. श्रद्धा आणि विज्ञान यांच्यात कुंपण घालण्याची आपल्याला फार हौस असते, पण खरी सीमारेषा या दोन छिन्न्यांमधून जाते.

मराठी घरात याची परीक्षा देव्हाऱ्यातच होऊ शकते. कोकणचा किनारा काळ्या बेसॉल्टचा आणि जांभ्याचा. तिथे अमोनाइटची आशा धरू नये. पण ज्या घरात शाळिग्राम आहे, तिथे बहुधा अमोनाइट आहेच. तो नेपाळातल्या काली गंडकीच्या पात्रातून आलेला असतो. मुक्तिनाथाच्या परिसरात, साडेतीन हजार मीटरहून उंचावर, एके काळच्या टेथिस समुद्राचा तळ आज डोंगर होऊन उभा आहे. आपण ज्याला विष्णूचे चक्र म्हणतो, तो त्या समुद्रातल्या शंखाचा ठसा.

टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, असे आपण म्हणतो. शाळिग्राम त्याला अपवाद. त्याला मूर्तिकार लागत नाही, प्राणप्रतिष्ठाही लागत नाही. पुराणांनी त्याची लक्षणे सांगितली ती नुसती पाहून: चक्रे किती, द्वारे किती, रंग कोणता. त्यावरून लक्ष्मीनारायण, नरसिंह, दामोदर अशी नावे ठरतात. वळ्या मोजणाऱ्या भूवैज्ञानिकाहून ही नजर फार वेगळी नाही. वज्रकीट नावाचा किडा दगड पोखरून ही चक्रे कोरतो, अशी परंपरेची कथा आहे. किडा नव्हता, पण त्या नक्षीमागे कोणीतरी जीव आहे, हा अंदाज खरा निघाला.

तरी भीती उरतेच. शंख म्हटले की देव जातो का? निकोलस स्टेनो या डॅनिश शरीरशास्त्रज्ञाचे आयुष्य या प्रश्नावर बोलके आहे. माल्टा बेटावर सापडणाऱ्या त्रिकोणी दगडांना लोक संत पॉलशी जोडलेल्या सर्पजिभा मानत. 1666 मध्ये लिव्होर्नोजवळ एक प्रचंड शार्क पकडला गेला. त्याचे डोके फ्लॉरेन्सला स्टेनोकडे आले. त्याचे दात तपासून, पुढच्याच वर्षी स्टेनोने लिहिले की ते दगड म्हणजे जुन्या शार्कचे दात. त्याच 1667 मध्ये तो कॅथलिक झाला, नंतर बिशप झाला, आणि 1988 मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्याला धन्य घोषित केले. जिभा गेल्या म्हणून त्याचा देव गेला नाही. त्याचा देव त्या जिभांवर उभाच नव्हता.

शाळिग्रामाचे तेच आहे. तुळशीच्या लग्नात तो उभा राहतो, तेव्हा त्याचे वय कोणी विचारत नाही, आणि सांगितले तरी अंतरपाट धरलेला हात खाली येण्याचे कारण नाही. देवपणाला बाध येतो तो बाजारात. साध्या काळ्या गोट्यावर यंत्राने चक्र कोरून तो गंडकीचा म्हणून विकतात तेव्हा.

हिल्डाला तिचा मान विज्ञानाकडूनही मिळाला. बाजूने पन्हळ फिरत जाणारी ती दुसरी जात. तिच्या प्रजातीला 1867 मध्ये अमेरिकी शास्त्रज्ञ अल्फियस हायट यांनी हिल्डोसेरस हे नाव दिले. व्हिटबीच्या नगरचिन्हावरही तीन अमोनाइट आहेत. तिन्हींना सापाची डोकी आहेत.